टोकाचे दोन उपाशी

मिस्त्रींनी ट्रकच्या इंजिनाचे सहाही स्पार्क प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. तिसरा-चौथा काजळीने काळाभोर. पहिला आणि सहावा मात्र खडूसारखे पांढरे.

“मधल्यांचं पोट भरतंय, टोकाचे उपाशी आहेत,” ते म्हणाले.

वागळे इस्टेटमधून निघालो, तीन हात नाक्याच्या सिग्नलला थांबलो, तरी तेच वाक्य डोक्यात.

आमचा शेवरोले ट्रक शिवडीत जनरल मोटर्सची जुळणी चालायची तेव्हाचा, म्हणजे 1954 च्या आधीचा. एका रांगेत सहा सिलेंडर आणि मधोमध एकच कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग. टोकापर्यंतची वाट लांब. पेट्रोल मध्येच मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलेंडरांकडे जाणाऱ्या नळीच्या, भिंतींना चिकटतं. ते भरून काढायला आम्ही मिक्श्चरमधलं पेट्रोल वाढवत गेलो आणि मधले दोघे काळे पडले.

आता दोन कार्बोरेटर बसवलेत, प्रत्येकाकडे तीन सिलेंडर. मिस्त्रींनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं आळीपाळीने दोन्हींच्या तोंडाशी धरलं. दोन्हींचा सूं आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू पाव-पाव फिरवत राहिले. अर्धा तास. मी श्वास रोखून उभा. मग इंजिन असं काही लागलं, की मडगार्डवरच्या ग्लासातला चहा जेमतेम थरथरत होता.

बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, “थकलंय रे इंजिन, चढाला ओढत नाही.”

थकलं नव्हतं, बाबा. दोघांना पुरेसं मिळतच नव्हतं.

सहा प्लग काढून ओळीने मांडायला तेव्हा किती वेळ लागला असता?