ॲरिझोनाचं घड्याळ आणि माझा तेहतिसावा राउंड

आमच्या फ्रिजवर अजून एक पिवळी चिठ्ठी आहे. माझ्याच अक्षरात: "रात्री १० ते सकाळी ६ घड्याळ बंद." ९ मार्च २०२५ च्या सकाळी या चिठ्ठीवर विसंबलो आणि माझ्या फँटसी बेसबॉलच्या संघात (खरे खेळाडू निवडून कागदावर जमवायचा संघ) एक असा माणूस येऊन बसला जो मला नको होता आणि सप्टेंबरअखेरपर्यंत काढताही येणार नव्हता. राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून लिहून टाकतो.

मी राहतो चँडलरला, फिनिक्सला लागूनच. मूळचा जळगावचा. शाळेत सॉफ्टबॉल खेळलो असल्यामुळे बेसबॉल फारसा नव्याने शिकावा लागला नाही. चेंडू लहान झाला आणि पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हात वरून यायला लागला, इतकंच. ऑफिसातल्या एका मित्राने फँटसी लीगमध्ये ओढलं. आपल्याकडची एका सामन्यापुरते अकरा निवडायची ॲप डोळ्यांसमोर आणू नका. इथे १५ जण आणि प्रत्येकाने पाळीपाळीने ५० खेळाडू घ्यायचे (या निवडीला ड्राफ्ट म्हणतात, तिच्या एका फेरीला राउंड), म्हणजे ७५०. मेजर लीगचे ३० संघ, प्रत्येकी २६ खेळाडू, म्हणजे सगळे मिळून ७८०. आता बघा. पहिल्या दहा राउंडांत ताऱ्यांची नावं येतात, चाळिसाव्या राउंडला आम्ही राखीव कॅचरवरून (बॅटरच्या मागे बसतो तो, आपला विकेटकीपर म्हणा) हमरीतुमरीवर आलेलो असतो. पन्नासातले २३ दर आठवड्याला खेळवायचे, १४ बॅटर आणि ९ पिचर. बाकीचे २७ बाकावर. ड्राफ्ट संपला की विषय संपला: अदलाबदल नाही, नवी भरती नाही.

म्हणून स्प्रिंग ट्रेनिंगला, म्हणजे मोसमाआधीच्या सरावाला, एवढी किंमत. फेब्रुवारीच्या मध्यावर आधी पिचर आणि कॅचर येतात, मग बाकीचे. १५ संघ फ्लोरिडात सराव करतात, १५ आमच्याकडे फिनिक्सच्या आसपास, दहा मैदानांवर. मेसाचं स्लोन पार्क, म्हणजे शिकागोच्या कब्ज संघाचं मैदान, माझ्या घरापासून जवळ. सामन्याचं तिकीट काढलंत तर ठीकच, पण खरी गंमत सकाळी, मागच्या सरावाच्या मैदानांवर. जाळीला नाक लावून उभं राहायचं. पंधरा फुटांवर तिसऱ्या फळीतला कॅचर गुडघ्यांवर बसून तोच एक खाली पडणारा चेंडू वीस वेळा अडवतो, समोरचा प्रशिक्षक काहीच बोलत नाही, फक्त पुढचा चेंडू टाकतो. असा माणूस माझ्या यादीत चढतो. टोपी आणि सनस्क्रीन मात्र विसरू नका, मार्चमधलं इथलं ऊन फसवं आहे.

त्या वर्षी वसंतातल्या सामन्यांत पंचाच्या निर्णयाला आव्हान द्यायची सोय करून पाहत होते. बॅटरने, पिचरने किंवा कॅचरने डोक्यावर थाप मारायची की मोठ्या पडद्यावर चेंडूची रेघ उमटते. शेजारच्या आजोबांना मी म्हणालो, आमच्या क्रिकेटमध्ये हे कधीचं आहे. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

वसंतातल्या आकड्यांवर जाऊ नका. पिचर नवी पकड तपासत असतो, मार खाल्ला तरी त्याला फिकीर नसते, आणि सहाव्या इनिंगला (सामन्यात असे नऊ छोटे डाव असतात) समोर ८७ नंबरचा शर्ट घातलेलं पोर असतं. कोण कोणाबरोबर खेळतोय आणि कोण पहिल्या तीन इनिंगांत दिसतोय, ते बघा.

आता ड्राफ्ट. १९८० साली न्यूयॉर्कमध्ये ला रोटिसरी फ्राँसेज नावाच्या रेस्टॉरंटात जमणाऱ्या मंडळींनी या खेळाचा पाया घातला, म्हणून अजूनही लोक 'रोटो' म्हणतात. ती मंडळी लिलाव करायची, एका बैठकीत मोकळी व्हायची. आमचा ड्राफ्ट १७ फेब्रुवारीला सुरू झाला आणि १७ मार्चला संपला. प्रत्येक पिकला, म्हणजे एका निवडीला, चार तास. रात्री बारा ते सकाळी आठ घड्याळ थांबणार, पण ते पूर्व किनाऱ्याचे बारा ते आठ. माझ्या चिठ्ठीवरचे दहा ते सहा तिथून आलेले.

क्रम नागमोडी: एका राउंडला एक ते पंधरा, पुढच्याला पंधरा ते एक. माझा नंबर पंधरावा, म्हणजे प्रत्येक वळणावर लागोपाठ दोन पिक माझे. माझ्या आधी आणि माझ्यानंतरही तोच, चौदा नंबर. हा गृहस्थ कधीही साडेतीन तासांच्या आत पिक करत नसे. पहाटे, दुपारी, सुट्टीच्या दिवशी, कधीही. पहिल्या राउंडला विचार करतोय असं वाटलं. विसाव्या राउंडलाही चार तासांतली चारपाच मिनिटं उरली की याचं नाव हलायचं. मी हिशोब मांडला: पन्नास पिक गुणिले चार तास, दोनशे तास. घड्याळ दिवसाला सोळा तास चालणार. म्हणजे एकोणतीस दिवसांतले साडेबारा दिवस या एकट्याचे! कमिशनरला, म्हणजे आमची लीग चालवणाऱ्याला, लिहिलं. उत्तर आलं, "नियमात बसतंय ना?"

८ मार्च, शनिवार. संध्याकाळपासून चौदा नंबरचं घड्याळ चालू. जेवणं झाली, भांडी झाली, आणि रात्री साडेआठला त्याने पिक केला. तेहतिसावा राउंड, ४९५वा आणि ४९६वा खेळाडू माझे. एक तो गुडघ्यांवर बसणारा कॅचर. दुसरा एक रिलीव्हर (सामन्यात नंतर येणारा पिचर), ज्याच्या संघाने क्लोझर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा, अजून ठरवला नव्हता. सकाळच्या बातम्या बघून घेऊ म्हटलं. दहापर्यंत दीड तास जाईल, अडीच उरतील, सहाला सुरू, साडेआठला संपेल. निवांत झोपलो.

त्या रात्री दोन वाजता जवळजवळ अख्ख्या देशाने घड्याळ तासभर पुढे केलं. ॲरिझोनाने नाही. १९६८ पासून हे राज्य घड्याळ बदलत नाही. इथल्या उन्हाळ्यात संध्याकाळी जास्तीचा तासभर उजेड हवाय कोणाला? (नावाहो लोकांच्या प्रदेशात बदलतात, तो वेगळा गोंधळ.) पूर्व किनारा आमच्यापेक्षा दोन तास पुढे होता, तो तीन तास झाला. तिथले आठ म्हणजे इथले पाच. माझं घड्याळ पाचलाच सुरू झालं.

सात वाजता उठलो, चहा टाकला, पोहे भिजवले. पावणेआठला लॅपटॉप उघडला. साडेसातला ऑटोपिक होऊन गेला होता. यंत्राने त्याच्या यादीत वर असलेला एक बुजुर्ग डीएच (डेझिग्नेटेड हिटर) माझ्या गळ्यात मारला. हा माणूस मैदानात उभाच राहत नाही, फक्त बॅटिंग करतो, त्यामुळे संघात त्याला एकच जागा चालते, युटिलिटीची, म्हणजे कुठलाही बॅटर चालतो ती. ती जागा माझ्याकडे आधीच भरलेली.

दुसऱ्या पिकचं घड्याळ चालू होतं. रागात अर्ध्या मिनिटात कॅचर घेतला. आणि चौदा नंबरने, ज्याला वीस दिवसांत कधी घाई झाली नव्हती, दोन मिनिटांत तो रिलीव्हर उचलला.

कमिशनरला फोन केला. तो ओहायोत. म्हणाला, "तू ॲरिझोनात राहतोस, मी नाही." बायकोने पोह्यांवर खोबरं घालता घालता विचारलं, "अरे, पण त्या साइटवर किती वेळ उरलाय ते उलटं मोजत दिसतं ना?" दिसतं. मी फ्रिजकडे बघत होतो.

तर सांगायचं हे की आपला क्यू भरून ठेवा. पाच नावं ओळीने लावली की झोपलात तरी यंत्र त्यातलंच घेतं. मला हे माहीत होतं. पण क्यू आळशी लोक भरतात अशी माझी समजूत होती, आणि ती मी चारचौघांत बोलूनही दाखवली होती. कॅचर तिसाव्या राउंडच्या आत दोन तरी घ्या, हेही आत्ताच आठवलं.

दुसऱ्या दिवशी, १० मार्चला, यांकीजचा पिचर गेरिट कोलच्या कोपराची शस्त्रक्रिया होणार आणि त्याचा अख्खा मोसम बुडणार, अशी बातमी आली. २०२३ चा साय यंग विजेता (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार), माझा तिसऱ्या राउंडचा, ४५वा पिक. यांकीज सराव करतात फ्लोरिडात, जाळीला नाक लावून तो दिसणारच नव्हता. पण त्याचा राग नाही आला. कोपर कोणाचंही जातं.

ड्राफ्ट मोसमाच्या आदल्या दिवशी संपवावाच लागला, कारण त्या वर्षी डॉजर्स आणि कब्ज १८ मार्चला टोकियोत पहिला सामना खेळणार होते, इथल्या पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी. ही वेळ मी तीन ठिकाणी तपासली. गजर लावून उठलो, कारण कब्जचा पिचर शोता इमानागा माझा होता, ७६वा पिक. चार इनिंग त्याने एकही हिट दिला नाही. मग त्याला काढलं. सुरुवात करणाऱ्या पिचरला विजय मिळायला पाच इनिंग लागतात.