टेन्शन

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आईच्या शिलाई मशीनवर. सहा-सात वर्षांची असेन, दोरा सारखा तुटत होता आणि आई वैतागून म्हणाली, "टेन्शन फार झालंय गं, सैल कर जरा," मला वाटलं हिलाच काहीतरी झालंय! तर ते मशीनच्या तोंडाजवळचं बटण, दोन चकत्या आणि एक स्प्रिंग, चकत्यांमधून दोरा जातो. जास्त पिळलं की दोरा तुटतो नाहीतर बॉबिनचा दोरा वर ओढला जातो, फार सैल सोडलं की टिपेच्या खालच्या बाजूला नुसते लूपच लूप.

खरं तर मूळ अर्थ हाच. लॅटिन तेंदेरे म्हणजे ताणणे, आणि आपल्या संस्कृतातल्या तन् धातूचं ते लांबचं भावकीतलं, म्हणजे तंतू, ताण, टेन्शन सगळी एकाच घरातली मंडळी. शाळेत ड्रिलला ओरडतात ते अटेन्शनपण त्यातलंच. महावितरणच्या उच्चदाब लाइनला वायरमन अजून एचटी म्हणतो, म्हणजे हाय टेन्शन, आणि खांबावर कवटी काढून लिहिलेलं असतं 'सावधान'. ड्रिलमधलंच ते, इथे कवटीसकट.

इंग्रज माणूस दोन देशांमधल्या टेन्शनबद्दल बोलेल पण स्वतःबद्दल बहुतेक स्ट्रेसच म्हणेल. आपल्याकडे टेन्शन येतं, लोक ते घेतात, देतात, काहींना तर उगाच घ्यायची सवयच असते, पण टेन्शन 'करत' मात्र कोणी नाही. करतात ती काळजी. आणि "तुझी काळजी वाटते" म्हटलं तर माणूस विरघळतो, "तुझं टेन्शन आलंय" म्हणून बघा, भांडणच.

सगळ्यात घाबरायचं ते "टेन्शन घेऊ नका"ला. आमच्याकडे फॅन दुरुस्तीला आलेला दादा म्हणाला, "ताई टेन्शन नको, उद्या येऊन बसवतो." आज चौथा दिवस, फॅन सोफ्यावर आहे, आम्ही खाली सतरंजीवर.

परवा ऑफिसच्या कटकटीने वैतागून आईला फोन केला, म्हटलं फार टेन्शन आलंय गं. तर म्हणाली, "मग ये ना दोन दिवस, पडद्यांना टीप मारायचीय, मला आता सुईत दोरा ओवता येत नाही."