पाणी गुडघ्यापर्यंत की खुब्यापर्यंत?

इथे ब्रिटनमध्ये कुत्र्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं की काही आठवड्यांनी 'हायड्रो', म्हणजे पाण्यातले व्यायाम, सुरू होतं. हे ऐकून बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्विमिंग पूल येतो. पूल असतातही, पण ऑपरेशननंतर जास्त कामाचा असतो तो पाण्यातला ट्रेडमिल. ही एक काचेची मोठी पेटी असते आणि तळाशी फिरता पट्टा. कुत्रा कोरड्या पेटीत चालत जातो, दार घट्ट बंद होतं आणि मग खालून कोमट पाणी सावकाश चढायला लागतं. पाणी चढताना बरेच कुत्रे आधी पुढचा एक पंजा उचलून धरतात. त्या क्षणी घाई करायची नाही. पहिल्याच दिवशी घाबरलेला कुत्रा पुढे कित्येक वेळा दारातच बसकण मारतो.

सगळी गोम पाण्याच्या पातळीत आहे. पाणी घोट्यापर्यंत असेल तर पायांवर शरीराच्या वजनाचा सुमारे 91 टक्के भार राहतो, गुडघ्यापर्यंत असेल तर 85 टक्के आणि खुब्यापर्यंत गेलं की जेमतेम 38 टक्के. म्हणजे 30 किलोचा लॅब्रॅडॉर खुब्याएवढ्या पाण्यात साधारण साडेअकरा किलोचा होऊन चालतो. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत भार फारसा उतरत नाही, उतरतो तो गुडघ्याच्या वर. त्यामुळे 'सुरुवातीला पाणी कमी ठेवू, सोपं जाईल' हा हिशोब उलटा पडतो. उथळ पाण्यात कुत्रा पाय पाण्याबाहेर उचलून टाकतो आणि सांधे जास्त वाकवतो. तो व्यायाम चांगला आहे, पण नंतरच्या टप्प्यातला.

गुडघ्यातला क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे सांधा स्थिर ठेवणारा आतला बंध, तुटणं हे इथे हायड्रोला येण्याचं नेहमीचं कारण. त्यासाठीच्या टीपीएलओ या ऑपरेशनमध्ये नडगीच्या हाडाचा वरचा भाग कापून, फिरवून प्लेटने बसवतात. टाके निघून जखम पूर्ण बंद झाल्याशिवाय पाण्यात जायचं नाही. पुढे सहा ते आठ आठवड्यांनी एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसेपर्यंत उड्या, पळणं, जिना बंद. पाण्यातल्या ट्रेडमिलवर पहिल्या दिवशी एक मिनिट चाल, एक मिनिट विश्रांती, असं दोन-तीनदा. तेवढंच पुरे. पट्ट्याचा वेग असा हवा की चारही पाय एकेक करून टेकले पाहिजेत. वेग वाढला की कुत्रा दुखरा पाय वर धरून तीन पायांवर निभावून नेतो आणि ज्या पायासाठी हा खटाटोप, तोच रिकामा राहतो. पुढे मिनिटं, वेग आणि पाणी यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिन्ही एकदम बदलल्या आणि दुसऱ्या दिवशी लंगडणं वाढलं, तर कशामुळे वाढलं ते कळणार कसं?

पोहण्याबद्दल आमचं मत जरा कडक आहे. पोहताना कुत्रा मुख्यतः पुढच्या पायांनी पाणी मारतो. मागचा गुडघा छान वाकतो, पण पूर्ण सरळ होत नाही. त्यामुळे कोपराचा संधिवात असलेल्या कुत्र्याला 'पाण्यात भार नसतो' म्हणून पुलात सोडणं चुकीचं, कारण सगळी मेहनत त्याच कोपरावर येते. शिवाय पोहताना चेंडू धरायला सारखं तोंड उघडणारा कुत्रा नको इतकं पाणी पितो. तसा कुत्रा असेल तर चेंडू बाजूलाच ठेवावा.

उघडी जखम, जुलाब, त्वचेचा किंवा कानाचा संसर्ग, आटोक्यात नसलेला हृदयविकार, यांपैकी काहीही असेल तर पाणी बंद. आधी दोन-तीन तास खाणं नाही. नंतर अंग धुऊन कान कोरडे करायचे.

उपचार कोण करतो, हेही बघावं लागतं. इथल्या 2015 च्या सरकारी आदेशानुसार प्राण्यावर फिजिओथेरपी करायची तर व्हेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरने, आधी त्याला तपासून ती लिहून द्यावी लागते. मात्र एक खाच आहे. माणसांच्या बाबतीत 'फिजिओथेरपिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे, पण 'व्हेटरनरी फिजिओथेरपिस्ट' नाही. म्हणून शिक्षण कुठलं, संस्थेची नोंदणी कुठली, हे सरळ विचारावं. 'अ‍ॅकपॅट' या संघटनेचे सदस्य आधी माणसांचे फिजिओथेरपिस्ट होऊन मग प्राण्यांकडे वळलेले असतात.

आठवड्यातून एक-दोनदा पाण्यात आणि बाकी सगळे दिवस घरी, त्यामुळे खरा फरक घरी पडतो. सगळ्यात आधी फरशी. गुळगुळीत फरशीवर मागचा पाय बाहेर घसरला की ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला हिसका बसतो. त्याच्या रोजच्या वाटेवर रबरी मॅट किंवा योगा मॅट अंथरा, नखं कापा, पंज्याच्या गाद्यांमधले वाढलेले केस काढा. यात खर्च किरकोळ, फायदा मोठा.

मग 'बस–ऊठ'. पाच वेळा, दिवसातून दोनदा. कुत्र्याची दुखरी बाजू भिंतीला लागून ठेवा, कारण मोकळं सोडलं तर तो पाय बाहेर फेकून एका कुल्ह्यावर बसतो. तसं बसलेलं मोजायचं नाही. हातात खाऊ असेल तर तो नाकासमोर, फार वर नाही. वर धरला तर वजन मागे जाऊन तो धपकन बसतो. सांधा हाताने हलवायचा असेल तर कुत्र्याला कुशीवर झोपवून पाय सावकाश वाकवा आणि सरळ करा, दहा-पंधरा वेळा. मान वळवून तुमच्या हाताकडे बघणं, ओठ चाटणं, अंग ताठ करणं, यांतलं काहीही दिसलं की तिथेच थांबा. गुरगुरण्याची वाट पाहू नका, ती फार उशिराची खूण आहे.

मांजरांनाही पाण्यात चालवतात, काही चालतातही. पण बहुतेकांना जमिनीवरचे छोटे व्यायामच मानवतात, एका वेळी दोन-तीन मिनिटं.

सुधारणा नजरेने जोखू नका, मांडीचा घेर मोजा. कुत्रा चारही पायांवर उभा, टेप दर वेळी मांडीवर त्याच उंचीवर आणि तेवढीच सैल, दोन्ही पाय, तीनदा मोजून सरासरी. दोन पायांतला फरक वहीत लिहा. रोज मोजून हाती काही लागत नाही, स्नायू भरायला आठवडे लागतात. दोन आठवड्यांतून एकदा मोजा आणि ती वही पुढच्या वेळी फिजिओला दाखवा.