पंगतीमागची चार पिंपे

आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरास्नान उरकून सातारा जिल्ह्यात येते, तेव्हा मुक्कामाच्या गावांत तिथल्या वस्तीच्या कितीतरी पट माणसे एका रात्रीत उतरतात. अशाच एका गावात मी स्वच्छता निरीक्षक म्हणून नोकरी करते. पिण्याचे पाणी, फिरती शौचालये, औषधफवारणी यांची तयारी आम्ही कित्येक दिवस आधी सुरू करतो आणि ती बहुतेक वेळा पार पडते. पालखी पुढे गेल्यावर सफाई कामगारांना खरे छळते ते अन्नदानाच्या जागी पडलेले पत्रावळ्या, द्रोण आणि चहाच्या पेल्यांचे रान.

पूर्वीची पळसाच्या पानांची पत्रावळ गुरांनी खाल्ली तरी चिंता नव्हती आणि उकिरड्यात टाकली तरी तिचे खत व्हायचे. आताच्या चकचकीत कागदी पत्रावळीला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. त्या थरामुळे ती कुजत नाही, आणि तिला खिचडी चिकटलेली असल्यामुळे भंगारवालाही तिला हात लावत नाही. आषाढाचा वारा आणि पाऊस तिला ओढ्यात नेऊन सोडतो, आणि पुढचा महिनाभर आम्ही मोऱ्यांची तोंडे मोकळी करत बसतो. राज्याने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी घातली आणि जुलै २०२२ मध्ये प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्या-पेल्यांनाही त्या बंदीत घेतले. दंड करण्याचा अधिकार आमच्याकडे आहे. परंतु वारकऱ्याला हात जोडून जेवू घालणाऱ्या माणसाच्या हाती दंडाची पावती ठेवल्याने त्याच्या पंगतीला दुसरी ताटे मिळत नाहीत. ताटे आधी उभी करावी लागतात, हे माझे ठाम मत आहे.

म्हणून एका वर्षी आमच्याकडच्या महिला बचत गटाने चालवलेली भांडी बँक मी अन्नदानाच्या सर्वांत मोठ्या जागी नेण्याचे ठरवले. ही कल्पना आपल्याकडे नवी मुळीच नाही. देवळाची, भावकीची किंवा समाजाची भांडी लग्नकार्याला नेऊन मोजून परत करण्याची रीत अनेक गावांत होती आणि काही ठिकाणी ती अजून आहे. गटाने तीच रीत पुन्हा धरली, प्रत्येक ताटावर गटाचे नाव घालून घेतले आणि बारशा-साखरपुड्यांना भांडी भाड्याने देऊ लागला. मात्र पालखीच्या दिवशी सकाळी सुरू झालेली रांग रात्री उशिरापर्यंत तुटत नाही. तिथे तेच ताट दिवसभरात पुन्हा पुन्हा धुऊन वाढपात यावे लागते.

तिथे अन्नदान करणाऱ्या व्यापारी संघटनेच्या बैठकीत पहिला आक्षेप पाण्याचा आला. आमचा पट्टा कमी पावसाचा, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेली माणसे समोर बसलेली, त्यामुळे हा आक्षेप मला अगदी रास्त वाटला. नळाच्या धारेखाली ताटे धुतली तर पाणी खरोखरच वाया जाते. पिंपांत बुडवून धुतली तर त्याच्या थोड्या भागात काम होते. त्यासाठी आम्ही मंडपामागे चार पिंपे ओळीने मांडली. खरकटे आधी कोरडेच खरवडून बादलीत जाणार, मग पहिल्या पिंपात ताट भिजणार, दुसऱ्यात साबणाने घासले जाणार, तिसऱ्यात साध्या पाण्यातून निघणार आणि चौथ्यात टीसीएल पावडरच्या, म्हणजे जंतू मारणाऱ्या क्लोरीनच्या भुकटीच्या, पाण्यात मिनिट-दोन मिनिटे बुडून राहणार. दोनशे लिटरच्या पिंपाला साधारण साठ-पासष्ट ग्रॅम चांगली टीसीएल पुरते. त्यानंतर ताटे बांबूच्या मांडणीवर तिरपी लावून वाऱ्यावर निथळू द्यायची, फडक्याने पुसायची नाहीत, कारण एकच ओले फडके शेकडो ताटांवर फिरले तर धुण्याचा सगळा खटाटोप फुकट जातो. सांडपाण्यासाठी जाळी लावलेला शोषखड्डा खणून घेतला होता.

सकाळी नाश्त्याची गर्दी सुरळीत गेली. दुपारी बाराच्या सुमारास एका दिंडीचे विणेकरी बाबा मांडणीजवळ आले आणि ताट हातात घेऊन उलटसुलट पाहत राहिले. "माउली, दुसऱ्याच्या उष्ट्या ताटात आमची माणसं जेवायला बसवायची का?" असे त्यांनी शांतपणे विचारले. त्यांच्या बरोबरची बरीच माणसे वयस्कर होती, पुढे बरीच वाट चालायची होती आणि वाटेत कुणाला जुलाब-उलट्या लागल्या तर काय होते ते त्यांनी पाहिलेले होते. मी त्यांना चौथ्या पिंपाकडे नेले. पाण्याची ओटी चाचणी करण्याची आमची छोटी पेटी बरोबर होती; पाण्यात क्लोरीन किती आहे ते या चाचणीत रंगावरून कळते. आधी टँकरच्या पिण्याच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून फिकट पिवळा रंग दाखवला आणि मग पिंपातले पाणी नळीत घेतले, ते बघता बघता गडद नारिंगी झाले. "हा रंग दिसतो तोवर या पाण्यातून निघालेलं ताट खुशाल घ्या, आणि रंग फिका पडला तर मी स्वतः पाणी बदलायला लावीन," असे मी म्हणाले. बाबांनी ती नळी स्वतःच्या हातात घेतली, उन्हाकडे धरली आणि आपल्या माणसांना हाक मारून दाखवली. त्यानंतर त्यांची दिंडी बसली.

त्यांच्यामागून आलेल्या पंगतींना मात्र ताटे कमी पडू लागली. मी धुण्याच्या जागी जाऊन उभी राहिले तेव्हा खोळंब्याचे कारण डोळ्यांसमोर होते. बँकेतली जवळपास निम्मी ताटे एका मंडळाने देणगी म्हणून दिलेली खणांची होती. खणाच्या कोपऱ्यात शीत आणि आमटीचा तवंग अडकून बसतो, तो बोटाने किंवा काथ्याने वेगळा काढावा लागतो, त्यामुळे साधी ताटली होते तेवढ्या वेळात खणाचे ताट अर्धेच निघते. घासणाऱ्या मावशींचे हात थांबत नव्हते, तरी पहिल्या पिंपाजवळ ताटांची चळत चढत होती. इकडे रांग रस्त्यापर्यंत पोहोचली, पावसाची भुरभुर सुरू झाली, आणि संघटनेच्या अध्यक्षांनी मागच्या खोलीत जपून ठेवलेले कागदी पत्रावळ्यांचे गठ्ठे बाहेर काढायला सांगितले. त्यांचे म्हणणे मला खोडता येत नव्हते. उपाशी माणसाला पावसात उभे ठेवणे हा काही पर्यावरणाचा विचार नव्हे.

गठ्ठ्याची सुतळी सुटत होती तेवढ्यात रांगेतल्या एका आजींनी डोक्यावरचे बोचके खाली घेतले, त्यातून कडेला पोचे पडलेली आपली जर्मनची ताटली काढली आणि पदराने पुसत वाढप्यापुढे धरली. वाढपी म्हणाला, "आजी, ताट इथं मिळतंय, थांबा जरा." आजी म्हणाल्या, "माझं हाय की माझ्याजवळ. घरनं निघताना ताट-तांब्या घेतल्याबिगर कोण वारीला निघतंय?"

मी रांगेतून मागे चालत गेले आणि विचारत गेले. दिंडीबरोबर चालणाऱ्या फार मोठ्या संख्येच्या माणसांकडे स्वतःचे ताट होते, पेला होता, पाण्याची बाटली होती. कुणाचे पाठीवरच्या पिशवीत होते, कुणाचे दिंडीच्या ट्रकमध्ये. दिंडीच्या स्वतःच्या पंगतीत ते रोज त्यातच जेवत होते; फक्त वाटेवरच्या अन्नदानात आम्ही गावकरी त्यांच्या हातात आपली पत्रावळ ठेवत होतो, म्हणून ती भांडी बाहेर निघत नव्हती. हे मला फार लागले. ज्यांना आम्ही कचरा करू नका म्हणून फलकांवरून सांगत होतो, त्यांच्याजवळ त्याची सोय आधीपासून होती आणि ती वापरण्याची संधी आमच्या पाहुणचाराने काढून घेतली होती.

ध्वनिक्षेपकावरून लगेच पुकारा केला की ज्या माउलींजवळ स्वतःचे ताट आहे त्यांनी डावीकडच्या रांगेत यावे, तिथे आधी वाढले जाईल. डावीकडची रांग पाहता पाहता लांबली आणि भराभर पुढे सरकू लागली. जेवण झाल्यावर आपापली ताटे धुण्यासाठी त्यांना चार नळांची जागा दिली, तिथे राख आणि साबण दोन्ही ठेवले. धुणाऱ्या मावशींवरचा ताण उतरला, खणांची ताटे बाजूला काढून ठेवता आली आणि कागदी गठ्ठ्यांना पुन्हा सुतळी बांधली गेली. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीतही तसेच केले; पाकिटे वाटणाऱ्या एका मंडळाला विनंती करून त्यांची माणसे टँकरच्या नळांवर बाटल्या भरून देण्यासाठी उभी केली, आणि त्यांनी ते रात्रीपर्यंत मनापासून केले.

चहाच्या टपऱ्यांपुढे मात्र आमचे फारसे चालले नाही. उकळता चहा घेऊन माणूस चालू लागतो, त्यामुळे पेला परत येत नाही. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले होते की कागदी पेल्यात १०० मिलिलिटर गरम द्रव १५ मिनिटे राहिला, तर आतल्या थरातून प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्मकण त्यात उतरतात. ही गोष्ट सांगितल्यावर दोघा-तिघा टपरीवाल्यांनी स्वतःच्या पेल्यात चहा घेणाऱ्याला थोडा जास्त चहा द्यायला सुरुवात केली. बाकीचे पेले आम्हाला झाडूनच गोळा करावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी हलली. त्या मैदानावर एरवी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून कचरा निघायचा. या वेळी खरकट्याच्या बादल्या, केळीची साले आणि चहाचे पेले एवढेच उचलायचे होते, आणि खरकटे सरळ खतखड्ड्यात गेले. ताटे मोजताना काही कमी भरली, पण त्यातली बरीच संध्याकाळपर्यंत शेजारच्या मंडपांतून परत आली, कारण त्यांच्यावर नाव होते.

हिशेबाला बसलो तेव्हा गटाच्या अध्यक्षा म्हणाल्या, "मॅडम, ताटांचं भाडं मिळालं, पण दिवसभर वाकून घासणाऱ्या बायकांची मजुरी त्या भाड्यात धरलेली नाही." त्या बायकांची बोटे साबणाने आणि टीसीएलने सोलवटली होती. संघटनेच्या अध्यक्षांनी पत्रावळ्यांसाठी राखलेली रक्कम त्याच बैठकीत मजुरीकडे वळवली. पुढच्या वर्षासाठी मी जो प्रस्ताव लिहून वर पाठवला, त्यात धुणाऱ्या महिलांची मजुरी आणि रबरी हातमोजे ही पहिली बाब ठेवली आहे, उभ्याने घासता येईल एवढे उंच कट्टे ही दुसरी, आणि खणांची ताटे मोडीत देऊन येणाऱ्या पैशांत साध्या ताटल्या घेणे ही तिसरी. प्रत्येक दिंडीप्रमुखाला आधीच निरोप द्यायचा आहे की आमच्या गावी येताना माणसांनी आपले ताट ट्रकमध्ये न ठेवता हाताशी ठेवावे.