सेंडऑफचं भाषण, सूट वजा जाता

सेंडऑफच्या दिवशी वाईट माणूस कुणी पाहिलाय? आमच्या बेळगावात तर एकाच माणसाची दोन भाषांत स्तुती होते. आधी कन्नडात, मग मराठीत. साहेब कुठले आहेत त्यावर क्रम ठरतो. शाल, हार, फेटा, कुंद्याचा डबा. ज्यानं जन्मभर फायली दाबून ठेवल्या तो त्या दिवशी अजातशत्रू होतो, आणि शेजारच्या टेबलावरचा जो त्याच्याशी कधी धड बोलला नाही तोच माईक सोडत नाही. ऐकणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. मनातल्या मनात निम्मं वजा करायचं आणि बशीतल्या चिवड्याकडं वळायचं.

गाजलेल्या मालिकांच्या निरोपाच्या सिनेमांना जी वाहवा मिळते, तिच्यातही अशीच सूट धरावी लागते. पडद्यावरची माणसं म्हातारी झालेली असतात, आपणही झालेलो असतो, आणि शेवटचं संगीत सुरू झालं की टीका करायला जीभ रेटत नाही. म्हणून 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळ-मालिकेच्या सहाव्या सिनेमाकडं, 'द अनडिस्कव्हर्ड कंट्री'कडं, मी बरीच वर्षं संशयानं बघत होतो. कॅप्टन किर्क, स्पॉक, डॉक्टर मकॉय या अंतराळजहाजावरच्या जुन्या मंडळींचा एकत्र निरोप म्हणजे हा सिनेमा. जुन्या मंडळींच्या सिनेमांत सर्वांत चांगला कुठला, असा वाद निघाला की दुसऱ्या आणि सहाव्या भागातच चुरस लागते. दोन्हींचा दिग्दर्शक एकच, निकोलस मेयर.

सूट धरायला कारणं भरपूर आहेत. १९८९ चा पाचवा भाग, खुद्द किर्क म्हणजे विल्यम शॅटनरनं दिग्दर्शित केलेला, इतका पडला होता की त्याच्यानंतर काहीही आलं असतं तरी लोकांनी सुटकेचा श्वास टाकला असता. पुढचा सिनेमा या सगळ्यांना बाजूला ठेवून, त्यांच्या तरुणपणावर, नव्या नटांना घेऊन काढायचा असंही घाटत होतं. पण मूळ टीव्ही मालिका १९६६ ची, म्हणजे १९९१ ला पंचवीस वर्षं पुरी होणार होती. तेवढ्या निमित्तानं म्हाताऱ्यांना आणखी एक संधी मिळाली. पैसा बेताचा. त्या वेळी टीव्हीवर चालू असलेल्या दुसऱ्या 'स्टार ट्रेक' मालिकेचे सेट रंगरंगोटी करून वापरले. ६ डिसेंबर १९९१ ला सिनेमा लागला, चालला, आणि सगळे म्हणाले, वा, शेवट गोड झाला. यात वाहवा किती आणि 'सुटलो बाबा' किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

मी तो प्रथम कॅसेटवर पाहिला होता. परवा पुन्हा लावला तेव्हा शेजारचे मास्तर येऊन बसले. कन्नड शाळेतून निवृत्त झालेले, मराठी आमच्यापेक्षा खणखणीत. अंतराळ वगैरे त्यांना वर्ज्य. पण 'निवृत्तीला आलेल्या लोकांची गोष्ट आहे' म्हटल्यावर खुर्ची पुढं ओढली. आणि सुरुवातीलाच त्यांना हवं ते मिळालं. तीन महिन्यांत सेवा संपणार, आणि अशा वेळी या मंडळींना बैठकीला बोलावलेलं. इंजिनिअर स्कॉटी सांगतो, मी नुकतीच बोट घेतलीय. मास्तर म्हणाले, "बघा, ह्यानं पीएफ काढला."

गोष्ट थोडक्यात अशी. किर्कच्या मंडळींचं फेडरेशन आणि परग्रहावरचे क्लिंगॉन हे दोन जुने वैरी, मधे कुणाचाच नसलेला सीमेचा पट्टा. क्लिंगॉन लोकांचा वीज पुरवणारा चंद्र स्फोटात फुटतो. त्यांच्या ग्रहाकडं पन्नासेक वर्षंच उरलीत आणि लढाईचा खर्च झेपणारा नाही. त्यांचा प्रमुख गॉरकॉन शांततेचा हात पुढं करतो. त्याला आणायला किर्कलाच पाठवतात, ज्याच्या मुलाला क्लिंगॉनांनी मारलंय. वाटेत गॉरकॉनचा खून होतो आणि आळ किर्कवर येतो. १९८६ चं चेर्नोबिल, बर्लिनची भिंत, गोर्बाचेव्ह, सगळं उघड दिसतं; लपवायचा प्रयत्नही नाही. चित्रीकरण चालू असतानाच, ऑगस्टमध्ये, मॉस्कोत गोर्बाचेव्हविरुद्ध बंड झालं, आणि सिनेमा थिएटरात असताना सोव्हिएत संघच संपला. इतकं वेळेवर यायला नशीब लागतं. त्याचं श्रेय सिनेमाला द्यावं की नाही, मला शंका आहे.

खुनाच्या तपासाची गोष्ट मात्र लंगडी आहे. पुरावा म्हणजे कुणाचे तरी बूट, आणि ते बूट शेवटी ज्याच्या कपाटात सापडतात त्याच्या पायांत ते मावणारच नसतात! त्यातून घेतलेला विनोद ठीक, तपास कच्चा. पुढं स्पॉक आपल्याच शिष्येच्या मनात घुसून जबरदस्तीनं कटवाल्यांची नावं बाहेर काढतो. भोवती सगळे जुने, सज्जन सहकारी उभे, आणि कुणी हूं की चूं करत नाही. पूर्वी मला तो उत्कर्षबिंदू वाटला होता. आता ते बघवत नाही.

सगळ्यात फजितीचा प्रसंग शब्दकोशांचा. क्लिंगॉनांच्या हद्दीत शिरताना पहारेकरी विचारतो, कोण तुम्ही? तर दळणवळण अधिकारी उहुरा आणि सगळा अधिकारीवर्ग जाडजूड पुस्तकं उघडून वाक्यं जुळवत बसतो. मास्तर उसळलेच. "पंचवीस वर्षं हिच्या कानाला ते यंत्र, आणि शत्रूची भाषा येत नाही? आमच्या रविवार पेठेतला हमाल बसवा की हो तिथं! मराठीत शिवी घालून कन्नडात हिशेब करील." उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकोल्सलाही हा प्रसंग पटला नव्हता. खरं आहे ते. सीमेवर राहणाऱ्याला समोरच्याची भाषा येतेच. प्रेमानं नव्हे, भाजीच्या भावामुळं.

उलट क्लिंगॉनांना मात्र पलीकडचा शेक्सपिअर तोंडपाठ. जेवणाच्या टेबलावर गॉरकॉन म्हणतो, मूळ क्लिंगॉनमधून वाचल्याशिवाय शेक्सपिअर कळायचा नाही. या एका थट्टेपायी काही हौशी लोकांनी पुढं खरोखर क्लिंगॉन भाषेत 'हॅम्लेट' उतरवलं आणि १९९६ ला छापलं. मला तेव्हा आगरकर आठवले. 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' करून त्यांनी १८८३ मध्येच ते आपल्या घरात आणलं, आणि आपल्याकडं नाटकवेडा माणूस अजून हॅम्लेटबद्दल बोलतो ते जणू तो सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढलाय अशा थाटात. तेव्हा क्लिंगॉनांना हसायचं काही कारण नाही.

आता सूट वजा करून काय उरतं? ते जेवणच उरतं. दोन्हीकडचे अधिकारी एका टेबलावर, ग्लासात बेकायदा निळी दारू, सगळे नको इतके सभ्य. हळूहळू बोलणं घसरत जातं. पाहुणे गेल्यावर यजमानांची कुजबुज सुरू होते, कसे जेवत होते बघितलंत? याच मंडळींनी पंचवीस वर्षं आपल्याला विश्वबंधुत्व शिकवलं होतं. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांना हे अजिबात रुचलं नव्हतं. तेविसाव्या शतकातली माझी माणसं एवढ्या कोत्या मनाची असतील का, हा त्यांचा आक्षेप. निशेल निकोल्सनं तर क्लिंगॉनांविषयीचं एक वाक्य म्हणायला साफ नकार दिला. कृष्णवर्णीय माणसाला त्या वाक्याचा वास लगेच येतो. २४ ऑक्टोबर १९९१ ला, सिनेमा लागण्याआधी, रॉडनबेरी गेले. सिनेमा त्यांनाच अर्पण केलेला आहे.

त्यांच्याविषयी आदर ठेवून मला वाटतं, इथं दिग्दर्शकाचं बरोबर होतं. सेंडऑफच्या भाषणात ज्या गोष्टीचा उल्लेख कुणीच करत नाही, नेमकी तीच यानं पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत मांडली. स्पॉक किर्कला म्हणतो, ते मरायला टेकलेत. किर्क म्हणतो, मरू देत. आपला नायक हे बोलतो! शॅटनरला त्यानंतर लगेच हात झटकून ते वाक्य मागं घेतल्याचा अभिनय ठेवायचा होता; मेयरनं संकलनात तो कापला. शाल पांघरायच्या दिवशी माणसाचा सगळ्यात मोठा दोष टेबलावर ठेवायचा आणि मग बघायचं, हा त्याच्यासह उभा राहतो का. मला तरी निरोपाच्या दुसऱ्या कुठल्या सिनेमात हे धाडस आठवत नाही.

आणि कट कुणाचा निघतो? दोन्ही बाजूंचा. क्लिंगॉन सेनापती आणि फेडरेशनचा ॲडमिरल, वैर टिकावं म्हणून गळ्यात गळे घालून कामाला लागलेले. शांततेसाठी जे कधी एकत्र बसले नाहीत, ते भांडण वाचवायला एकत्र येतात. मास्तर माझ्याकडं बघून हसले. मीही हसलो. दोघांनीही कारण सांगितलं नाही.

इथं राहणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. आमची सीमा डोळ्यांना दिसत नाही. कागलहून दूधगंगा ओलांडली की थोड्याच वेळात पाट्यांची लिपी बदलते. चंदगडच्या वाटेवर शिनोळीला राज्य बदललेलं कळतं ते पेट्रोलच्या भावावरून. राज्यांची फेररचना झाली ती १ नोव्हेंबर १९५६ ला. दर वर्षी त्या तारखेला गावात एकीकडं राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे असतात आणि दुसरीकडं काळा दिवस. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. या वादात मला माझी बाजू आहे, मास्तरांना त्यांची, आणि ती चहाच्या टेबलावर आणायची नाही हे आमच्यात न बोलता ठरलेलं. पण वातावरण तापलं, बसगाड्या सीमेवर अडकल्या, पाट्यांना काळं फासलं गेलं, की मला त्या ॲडमिरलची आठवण येते. आणि मधे एका लग्नात पाहिलं, दोन्हीकडचे दोन जुने लढवय्ये एकाच पंगतीला शेजारी बसून एकमेकांच्या मधुमेहाच्या गोळ्यांची चौकशी करत होते. जिलबी दोघांनीही घेतली.

गॉरकॉन मरण्याआधी किर्कला सांगतो, नवं जग आलंच तर त्यात राहायला आपल्याच पिढीला सगळ्यात जड जाणार. सिनेमाची कमाई हे वाक्य आहे. ते शत्रूच्या तोंडी आहे, हेही महत्त्वाचं.

याच्या उलट उदाहरण याच घराण्यात आहे. पुढच्या पिढीच्या, कॅप्टन पिकार्डच्या मंडळींचा निरोप 'नेमेसिस', १३ डिसेंबर २००२ चा. त्याची बदनामी अशी की चाहतेही नाव काढत नाहीत. तिच्यातही थोडी सूट द्यायला हवी, कारण आठवड्याच्या आत 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा भाग येऊन थिएटरं भरून गेली, आणि तेव्हा फारसा माहीत नसलेला टॉम हार्डी 'नेमेसिस'मध्ये खलनायक म्हणून छान आहे. पण तो खलनायक म्हणजे पिकार्डचीच तरुण नक्कल. मी असा वाढलो असतो तर, एवढाच प्रश्न. उत्तर काहीही आलं तरी खऱ्या पिकार्डला काही झळ बसत नाही. शेवटी जहाजावरचा यंत्रमानव डेटा जीव देतो, तेव्हा डोळे भरून यावेत अशी बेताबेतानं सोय केलेली आहे, आणि म्हणूनच ते भरत नाहीत.

सहाव्या भागाच्या शेवटी जहाज मोडीत काढायला परत आणा असा हुकूम येतो. किर्क किंवा मकॉय चिडतील असं वाटतं, पण तोंड उघडतो स्पॉक. म्हणतो, मी माणूस असतो तर म्हणालो असतो, खड्ड्यात जा. मग ताऱ्यांवर सातही नटांच्या सह्या उमटतात, सगळ्यात शेवटी शॅटनरची. मास्तर म्हणाले, "मस्टर आहे की हो हे."

किर्कला मात्र एक्स्टेन्शन मिळालंच. १९९४ च्या पुढच्या सिनेमात त्याला परत बोलावलं आणि एका डगमगत्या लोखंडी पुलावरून पाडून मारलं. मास्तरांना आता तो बघायचाय. मी माझ्याकडं नाही म्हणून सांगितलं, तर म्हणाले नातवाच्या मोबाईलवर सगळं असतं. रविवारी माझ्याकडंच घेऊन येणार आहेत.