ऑस्टर्ली: छतापासून खुर्चीपर्यंत एकच नक्षी

लंडनला मावशीकडे राहिले होते, ती हाउन्स्लोला राहते, हीथ्रोची विमानं दिवसभर डोक्यावरून. टॉवर ब्रिज वगैरे सगळं करून झालं तेव्हा ती म्हणाली, "अगं, जवळच एक जुनं घर आहे, ऑस्टर्ली, तुला नक्षी-बिक्षी आवडते ना, चल." पिकॅडिली लाइनवर ऑस्टर्ली स्टेशन, तिथून चालत वीसेक मिनिटं.

बाहेरून लाल विटांचं घर, चार कोपऱ्यांना चार बुरूज, मूळ बांधकाम सोळाव्या शतकातलं, आणि समोर मधोमध एकदम फिकट दगडी खांबांची दुहेरी रांग, अगदी ग्रीक देवळासारखी. हे घर चाइल्ड नावाच्या बँकवाल्यांचं, त्यांनी १७६१ मध्ये रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुकाराला ते नव्याने सजवायला दिलं. हा माणूस त्याआधी इटलीत राहून आला होता, १७५७ मध्ये स्प्लिटला (आताच्या क्रोएशियात) जाऊन डायोक्लेशियन या रोमन बादशहाच्या पडक्या महालाची मापं घेतली होती, म्हणजे जुनी रोमन नक्षी त्याने नुसती पुस्तकात पाहिलेली नव्हती.

आत शिरल्यावर पहिला हॉल, राखाडी आणि पांढरा, बाकी रंग जवळपास नाहीच. मी सवयीने वर बघत होते तर मावशीने हात धरला, "अगं खाली बघ खाली!" छतावर प्लास्टरची जी आखणी आहे तीच खाली फरशीत काळ्या-पांढऱ्या दगडात उतरवलीय! मी दहा मिनिटं तरी वर-खाली, वर-खाली करत उभी होते, मान दुखली पण हलवेना.

मग पुढच्या खोल्यांत डोळ्यांना सवय लागते, तीच मंडळी परत परत भेटतात: कलश, मेंढ्याचं डोकं, पंखवाला सिंह, फुलापानांच्या माळा अगदी आपल्या दारावरच्या तोरणासारख्या झोक्यात लटकलेल्या, आणि पंख्यासारखं उघडलेलं एक फूल, त्याला अँथेमियन म्हणतात. जेवणाच्या खोलीतल्या खुर्च्यांच्या पाठी लायर या ग्रीक वाद्याच्या आकाराच्या.

शयनगृहातला पलंग अ‍ॅडमने १७७६ मध्ये डिझाइन केला, वर घुमट, अक्षरशः छोटं देऊळच. त्याच्यावर मॅरीगोल्डची फुलं आहेत, कारण चाइल्ड बँकेची खूणच मॅरीगोल्ड. मावशी लगेच "झेंडू!" म्हणाली, पण जुन्या इंग्लंडचा मॅरीगोल्ड म्हणजे कॅलेंडुला, आपला झेंडू वेगळा. तरी रोमन देवळाच्या थाटात गिऱ्हाइकाची पेढी अशी अलगद गुंफलेली मला फार म्हणजे फार आवडली.

आणि शेवटची एट्रस्कन ड्रेसिंग रूम, हिच्यासाठी तरी जाच. एट्रस्कन म्हणजे रोमनांच्याही आधीचे इटलीतले लोक. फिकट निळसर-राखाडी भिंतींवर विटकरी आणि काळ्या रंगात बारीक माळा, त्यांना टांगलेली पदकं, स्फिंक्स, कलश, जणू फुंकर मारली तर हलतील. हे थेट भिंतीवर रंगवलेलं नाही, कागदावर रंगवून कापडावर चिकटवून मग भिंतीला लावलंय. रंग आले ते इटलीतल्या थडग्यांत सापडलेल्या जुन्या मडक्यांवरून. तेव्हा लोकांना ती एट्रस्कन वाटायची, नंतर कळलं की त्यातली बहुतेक ग्रीक आहेत, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. वेजवुड या इंग्लिश चिनीमातीवाल्यानेसुद्धा १७६९ मध्ये आपल्या नव्या कारखान्याचं नाव एट्रुरिया, म्हणजे एट्रस्कनांचा प्रदेश, असं ठेवलं होतं. त्या काळचा इंग्लिश लेखक होरेस वॉलपोल याने या घराची भरपूर तारीफ केलेली, पण ही खोली त्याला आवडली नाही. मला मात्र अख्ख्या घरात हीच सगळ्यात जिवंत वाटली. वाकून बघितलं तर खुर्च्यांवरही भिंतीवरचेच रंग, तीच नक्षी. भिंत कुठे संपली आणि खुर्ची कुठे सुरू झाली तेच कळेना.

आता ही जागा नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. जाणार असाल तर खोल्या कधी उघड्या असतात ते आधी बघून घ्या. कापड आणि रंग फिके पडू नयेत म्हणून आत उजेड कमी ठेवतात, तेव्हा घाई करू नका, दारात जरा थांबा, डोळे स्थिरावले की माळा एकेक करून दिसायला लागतात.