नॉर्डश्लाइफेचं परमिट: माझा अनुभव

जर्मनीत राहून एन्ड्युरन्स रेसिंगमध्ये, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या मोटार शर्यतींमध्ये, काही करायचं असेल, तर न्युर्बुर्गरिंगचा नॉर्डश्लाइफे ट्रॅक टाळता येत नाही. आयफेलच्या डोंगरातला हा ट्रॅक १९२७ सालचा. लांबी २०.८ किलोमीटर, चढउतार सुमारे ३०० मीटरचा, दोन्ही बाजूंना झाडी आणि लगेच गार्डरेल. गाडी सुटली तर सावरायला जागा जवळजवळ नाहीच. म्हणून इथे नुसत्या रेसिंग लायसन्सवर भागत नाही. जर्मन मोटरस्पोर्ट महासंघाचं, म्हणजे डीएमएसबीचं, वेगळं परमिट लागतं. आधी ‘बी’, मग ‘ए’. जीटी३ या सर्वात वेगवान गटातल्या गाडीत बसायचं तर ‘ए’ हवंच.

यातून मोठ्यांचीही सुटका नाही. चार वेळचा फॉर्म्युला वन विश्वविजेता मॅक्स वेरस्टॅपेन २०२५च्या सप्टेंबरमध्ये आधी ताकद कमी केलेल्या पोर्शे केमनमध्ये फिरला, मग त्याला ‘ए’ मिळालं. त्यानंतर त्याच महिन्यात त्याने फेरारी जीटी३मधून शर्यत जिंकली. आपला वेग अर्थातच वेगळा.

मी कोल्हापुरात गो-कार्टिंग करत वाढलो आणि नोकरीसाठी श्टुटगार्टला आलो. लायसन्स आणि वैद्यकीय तपासणी हे सोपस्कार उरकले की परमिटचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू होतो. त्यात गाडी पळवण्यापेक्षा झेंडेच जास्त. दुहेरी पिवळा झेंडा दिसला की वेग १२० किलोमीटरच्या आत. ‘कोड ६०’ लागला की त्या टप्प्यात सगळ्यांनी ६०ने चालायचं, पुढचाही आणि मागचाही. मार्शल, म्हणजे ट्रॅकवरचे सुरक्षा कर्मचारी, रस्त्यावर उतरलेले असतात, त्यामुळे इथे दयामाया नाही.

प्रत्यक्ष प्रशिक्षणात ट्रॅक तुकड्यातुकड्याने शिकवतात: हात्झेनबाख, फ्लुगप्लात्झ, फुक्सरोहर, बेर्गवेर्क. यातल्या बेर्गवेर्कजवळ १९७६ साली फॉर्म्युला वन विश्वविजेता निकी लाउडाची गाडी पेटली होती. सिम्युलेटरवर मी वळणं पाठ केली होती, आणि ती उपयोगी पडलीच. पण फुक्सरोहरच्या तळाला गाडी दबते तेव्हा पोटात जो गोळा येतो, तो सिम्युलेटरच्या खुर्चीत येत नाही. पाऊसही इथे सगळीकडे एकदम पडत नाही. एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला ओला रस्ता. सरांचं एकच पालुपद होतं: ‘इथला रेकॉर्ड विसरा. गाडी परत आणा.’

खरी परीक्षा मात्र चार तासांच्या पहिल्या शर्यतीत झाली. गाडी बीएमडब्ल्यू ३२५आय, व्ही४ हा कमी ताकदीच्या गाड्यांचा गट. शर्यतीत शंभरावर गाड्या. फॉर्म्युला वनच्या ट्रॅकचा काही भाग जोडून फेरी २४ किलोमीटरच्या पुढे जाते. आमची फेरी साधारण दहा मिनिटांची, जीटी३ची आठच्या आसपास. म्हणजे दर चार-पाच फेऱ्यांनी प्रत्येक जीटी३ तुम्हाला ओलांडून जाणार, आणि अशा गाड्या एकदोन नसतात. निम्मं लक्ष आरशात. इथे बाजूला होण्याची घाई करायची नाही. आपली रेषा धरून ठेवायची, म्हणजे मागच्याला अंदाज येतो. वाट शोधण्याचं काम त्याचं. आंबा घाटात जड ट्रक चालवणारा ड्रायव्हर जसा शांतपणे आपली बाजू धरून राहतो, तसं. मला वाटतं, एन्ड्युरन्स ड्रायव्हरचं निम्मं कसब ओव्हरटेक करण्यात नसून ओव्हरटेक होऊ देण्यात आहे, तेही आपले सेकंद न गमावता. हायलाइट्समध्ये हे कधीच दिसत नाही.

आईने कोल्हापुरात बसून ऑनलाइन प्रक्षेपण पाहिलं. रात्री फोनवर पहिला प्रश्न: ‘अरे, सगळे तुझ्या पुढंच जात होते की! गाडीत काही बिघाड होता का?’ गट, वर्ग, अश्वशक्ती सगळं समजावलं. ‘बरं, जेवलास का?’ म्हणाली.

‘बी’वर ठरलेल्या फेऱ्या आणि निकाल जमले की ‘ए’साठी अर्ज करता येतो. तो भाग कंटाळवाणा, पण सरळ आहे. अवघड गोष्ट पुढे येते: सीट. कारखान्याचा पगारी ड्रायव्हर होणारे मोजके. बाकीचे सीटचे पैसे भरतात किंवा प्रायोजक आणतात. एफआयए ही जागतिक मोटरस्पोर्ट संघटना ड्रायव्हरांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा श्रेणी देते. ब्राँझ म्हणजे बहुधा माझ्यासारखे हौशी. गंमत अशी की ल माँ या फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीत एलएमजीटी३ गटात प्रत्येक गाडीत एक ब्राँझ ड्रायव्हर सक्तीचा आहे, त्यामुळे वेगवान ब्राँझला चांगली मागणी असते. करुण चांढोक २०१२ साली ल माँमध्ये धावणारा पहिला भारतीय ठरला आणि त्याची गाडी एकूणात सहावी आली. तो मात्र फॉर्म्युला वनमधून आला होता. आमची वाट मागच्या दाराची.

‘ए’ परमिट हातात आल्यावर एका टीमला फोन केला. माझी सर्वोत्तम वेळ कोणी विचारली नाही. गाडी किती वेळा ठोकली, हे विचारलं, आणि मग बजेट. सध्या चौघांत खर्च वाटून इथल्या २४ तासांच्या शर्यतीसाठी जीटी४, म्हणजे जीटी३पेक्षा एक पायरी खालची गाडी, घेण्याची बोलणी चालू आहेत. पैशांचं जवळपास ठरलंय. पहाटे तीनच्या स्टिंटला, म्हणजे गाडी चालवण्याच्या पाळीला, कोण बसणार, यावर अजून एकमत नाही.